बंगला वैशाखात पाहावा आणि श्रावणातही

मित्रहो, फ्लॅट विकून बंगल्यात राहायला जावे, हा विचार पुण्यात साधारणपणे पन्नाशीच्या सुमारास डोके वर काढतो. मुलांची शिक्षणे उरकलेली असतात, कर्ज फिटलेले असते, आणि एरंडवण्यातील किंवा सहकारनगरमधील एखाद्या जुन्या सोसायटीत आंब्याचे झाड व व्हरांडा असलेला बंगला विकाऊ असल्याचे कोणीतरी कानावर घालते. आजच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘बंगल्याची कागदपत्रे’ असा विषय छापलेला आहे आणि मी त्याकडे वळणारच आहे. परंतु त्याआधी पाण्याविषयी बोलणे मला भाग आहे. इमारतींची तपासणी हा माझा व्यवसाय, आणि बंगला घेऊन पस्तावलेली जी कुटुंबे मी पाहिली, त्यांतील बहुतेकांचे दुखणे पाण्यापासून सुरू झालेले होते.

फ्लॅटमध्ये आपल्या डोक्यावर दुसऱ्याची फरशी असते आणि गच्चीची काळजी सोसायटी वाहते. बंगल्याची गच्ची मात्र आपली एकट्याची. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०,००० लिटर पाणी येते, आणि त्याला खाली उतरायला बहुधा चार इंची दोन पाइप असतात. असे असूनही घर पाहायला आलेले लोक दाराची दिशा विचारतात, मोटार किती आत जाईल ते विचारतात, पण गच्चीचा उतार कोणत्या कोपऱ्याकडे आहे, हे विचारत नाहीत. दलालही पावसाळ्यात घर दाखवायला नाखूश असतो. पाऊस उघडू द्या, मग निवांत पाहू, असे तो सांगतो. माझा आग्रह नेमका याच्या उलट आहे. झड लागलेली असताना छत्री घ्यावी आणि तडक गच्चीवर जावे.

माझ्या परिचयातील एका दांपत्याने दिवाळीनंतर असा एक बंगला घेतला. भिंतींना ताजा रंग होता, शहाबादी फरशी घासून लख्ख केलेली होती, व्हरांड्यात थंडीतले कोवळे ऊन आले होते. नाकारण्यासारखे त्या घरात काही दिसतच नव्हते. आषाढात त्यांनी मला बोलावले, तेव्हा दिवाणखान्याच्या एका भिंतीचा रंग फुगून सुटला होता, त्याखालचा लोणा लागलेला गिलावा बोट लावताच भुकटी होऊन गळत होता, आणि स्वयंपाकघराच्या छतावरचा तपकिरी डाग दिवसेंदिवस रुंदावत होता. आम्ही गच्चीवर गेलो. पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी पिंपळाचे हातभर उंचीचे रोप उभे होते आणि त्याची मुळे कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा थर, फोडून पाइपात उतरली होती. तोंड चोंदल्यामुळे कोपऱ्यात पाणी तुंबत होते, आणि कोबा व कठडा यांच्या सांध्यावरचा वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, जेथे तडकला होता, तेथून ते स्लॅबमध्ये जिरत होते. रुपयाच्या नाण्याने ठोकून पाहिले, तर निम्म्या गच्चीवर बद्द आवाज येत होता, म्हणजे तेथे कोबा खालून सुटलेला होता. खाली येऊन डागावरचा पापुद्रा काढला, तेव्हा सळया उघड्या पडल्या. गंजाने त्या फुगल्या होत्या आणि त्या फुगण्यानेच काँक्रीट निखळत होते. भर पावसात या दुरुस्तीला हात घालता येत नाही. स्लॅबला खालून टेकू दिले, स्वयंपाक बाहेरच्या खोलीत हलवला आणि दोघांनी दसऱ्यापर्यंत तसेच दिवस काढले. विकणाऱ्यांनी त्यांना फसवले, असे मी म्हणणार नाही. त्या घरात एक वृद्ध बाई एकट्या राहत होत्या आणि गुडघ्यांमुळे त्यांना कित्येक वर्षे जिना चढता आलेला नव्हता.

या सभागृहात बंगल्यात राहणारे बरेच जण आहेत. यंदाच्या पावसाळ्यात आपल्या गच्चीवर जाऊन आलेल्यांनी हात वर करावेत. पाहा, मोजायला मला एका हाताची बोटे पुरली!

दुसरी भेट वैशाखातली, आणि ती भिंतींसाठी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला नसेल, तर दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगा उन्हाळ्यात उघडतात आणि पावसाळ्यात मिटल्यासारख्या दिसतात. म्हणून एकाच भेटीत दोन्ही दोष सापडत नाहीत. मालक म्हणतील, इतके महिने आम्ही का थांबावे? त्यांचे म्हणणे रास्त आहे. अशा वेळी निदान नाणे घेऊन गच्ची ठोकावी, कपाटे भिंतीपासून सरकवून मागे पाहावे आणि शेजाऱ्यांना विचारावे. ओल कोठे येते, हे शेजारी बिनदिक्कत सांगतात.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट जमिनीची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यानंतर पूरग्रस्तांच्या अनेक गृहरचना संस्था शासनाने दिलेल्या जमिनींवर उभ्या राहिल्या. म्हणून मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ (मोकळेपणाने विकता येणारी जमीन) आहे, वर्ग २ (शासनाच्या अटींनी बांधलेली) आहे की भाडेपट्टा आहे, हे आधी वाचावे. वर्ग २ असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. नियमांनुसार अधिमूल्य, म्हणजे शासनाला द्यायची रक्कम, भरून वर्ग १ करून घेता येते, पण ते कोणी भरायचे, हे भाव ठरवतानाच ठरले पाहिजे. फेरफार नोंद, म्हणजे सरकारी दप्तरात नाव बदलल्याची नोंद, हा मालकीचा पुरावा नव्हे. मालकीहक्काचा किमान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. मंजूर नकाशा प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून पाहावा, कारण मागच्या अंगणातली वाढीव खोली बहुधा त्यात नसते.

दुसरी गोष्ट विकणाऱ्याच्या बहिणींची, आणि येथे फार मोठा गैरसमज आहे. मुलींना हक्क २००५ पासून मिळाला, असे सर्रास बोलले जाते. २००५ ची कायद्यातली दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीची आहे. हिंदू कुटुंबातील वडिलांनी स्वतः कमावलेला बंगला असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि तो १९५६ च्या वारसा कायद्यापासून आहे. म्हणून खरेदीखतावर तिची सही हवी किंवा तिने दिलेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. तिची तक्रार नाही, असे भावाने तोंडी सांगणे पुरेसे नाही.

वारसांपैकी कोणी अमेरिकेत स्थायिक असेल, तर त्याचे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आलेले आहे का ते पाहावे. एरवी ५० लाखांच्या व्यवहारापासून खरेदीदाराला एक टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याला पैसे देतानाच कापायचा आयकर, कापावा लागतो. अनिवासी विक्रेत्याच्या हिश्श्याला ही ५० लाखांची मर्यादा लागू नाही आणि दरही बराच जास्त आहे, तेव्हा सनदी लेखापालाला विचारूनच पैसे द्यावेत. विसार देण्याची घाई करू नये. वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि हरकतींची मुदत उलटल्यावरच साठेखतावर, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारावर, सही करावी.