दगडातली पाणसळ

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘अकीक : प्रकार आणि निर्मिती’ असा छापला आहे आणि त्या दोन्ही गोष्टींविषयी मी बोलणारच आहे, परंतु मुळात मी येथे एक मागणी घेऊन आलो आहे. अकीकाचा दगड खडकातून सुटा करण्यापूर्वी त्याची आकाशाकडची बाजू कोणती होती, याची खूण त्याच्यावर करून ठेवावी, एवढीच ती मागणी. या मागणीचा पनवेलच्या डोंगरांशी काय संबंध आहे ते मी शेवटी सांगणार आहे. तेथपर्यंत जायचे तर आधी दगडाची ओळख हवी.

लहानपणी पांघरुणाखाली दोन गारगोट्या एकमेकींवर घासून उजेड पाहिला नाही, असा माणूस या सभागृहात क्वचितच असेल. तो फिकट उजेड आणि त्यामागून येणारा जळका वास ज्यांना आठवतो, त्यांची अकीकाच्या घराण्याशी ओळख झालेलीच आहे. नदीतली वाळू, देवघरातला स्फटिक, ओढ्यातली गारगोटी आणि अंगठीतला अकीक ही सारी एकाच द्रव्याची, म्हणजे सिलिकाची रूपे आहेत. फरक बांधणीचा आहे. स्फटिकाचे कण मोठे आणि पैलूदार असतात. अकीकात तेच द्रव्य साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक तंतूंच्या रूपात दाटीवाटीने बसलेले असते. अशा तंतुमय सिलिकेला कॅल्सेडोनी म्हणतात, आणि कॅल्सेडोनीत पट्टे उमटले म्हणजे तिला अकीक म्हणावे, असा शास्त्राचा संकेत आहे. तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्यामुळे हा दगड चिवट असतो. खनिजांची कठिनता एक ते दहा अंकांत मोजणाऱ्या मोह्सच्या मापाने त्याची कठिनता साडेसहा ते सात भरते, म्हणजे चाकूचे पाते त्याच्यावर ओरखडा काढू शकत नाही.

प्रकारांची नावे पुष्कळ आहेत, आणि बाजाराने ती शास्त्रापेक्षा सैलपणे वापरली आहेत. लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल झालेली कॅल्सेडोनी म्हणजे कार्नेलियन. काळे-पांढरे पट्टे सरळ आणि समांतर असले की ऑनिक्स. आपल्याकडील खड्यांचे व्यापारी असल्या पट्टेदार दगडाला सुलेमानी म्हणतात. हिरव्या अंगावर तांबडे ठिपके असले की ब्लडस्टोन. शेवाळी अकीकात पट्टे नसतातच, त्यामुळे काटेकोरपणे पाहता तो अकीक नव्हे, पण रूढ झालेले नाव आता कोणी काढून घेणार नाही. खंबातच्या कारागिरांकडे गेलात तर ते पिवळट-करडा दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेणीच्या मंद आगीत भाजतात आणि तो लाल होऊन बाहेर येतो. त्यात जादू नाही, भेसळही नाही. दगडातल्या लोहसंयुगातील पाणी उष्णतेने निघून जाते आणि पिवळ्या रंगाच्या जागी तांबडा रंग येतो. बाजारात गडद निळ्या आणि गुलाबी चकत्या दिसतात, त्यांचा रंग मात्र बाहेरून मुरवलेला असतो. सच्छिद्र पट्टे रंग पितात आणि घट्ट पांढरे पट्टे पीत नाहीत, म्हणून रंगवल्यानंतरही पट्टे उठून दिसतात.

हा एक दगड पाहा. यात काळे, नाजूक, फांद्या फुटलेले झुडूप दिसते आहे. हे प्राचीन वनस्पतीचे अवशेष आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी हात वर करावेत. अर्ध्याहून अधिक हात वर आले, आणि त्यात मागच्या रांगेतील दोन शिक्षकही आहेत, याचा मला आनंद आहे, कारण आपला डोळा झाड ओळखायला किती उत्सुक असतो, हे त्यावरून कळते. हे मँगनीजचे ऑक्साइड आहे. बारीक फटीतून द्रव शिरताना ते फांदीसारखे पसरले. त्यात वनस्पतीचा अंशही नाही. येमेनमधील मोखा बंदरावरून अशा दगडांना पश्चिमेकडे मोखा दगड असे नाव पडले.

आता निर्मितीकडे वळू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरांवर थर पसरत होते. थर निवताना त्यातील वायूचे बुडबुडे वर चढले आणि वरचा भाग आधीच घट्ट झाल्यामुळे तेथे अडकले. प्रत्येक थराचा माथा असा बुडबुड्यांनी भरलेला असतो. विहिरी खोदणारे लोक त्यालाच मांजऱ्या म्हणतात, आणि बुडबुडे नसलेल्या घट्ट खडकाला काळा पाषाण. पुढे पावसाचे आणि भूमीतील कोमट पाणी फटींतून झिरपले, त्याने खडकातील काच आणि इतर खनिजे हळूहळू कुजवली, त्यातील सिलिका स्वतःत विरघळवून घेतली आणि ती या पोकळ्यांत नेऊन ठेवली. कोठे झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक बसले, कोठे हिरव्या मातीचे अस्तर लागले आणि कोठे अकीक साकारला.

हे वाक्य सोपे वाटते, म्हणून त्यातला हिशेब मुद्दाम सांगतो. साध्या तापमानाला एका लिटर पाण्यात फार तर शंभर मिलिग्रॅमच्या आसपास सिलिका विरघळते. म्हणजे एक किलो वजनाचा अकीक घडायचा, तर त्या मुठीएवढ्या पोकळीतून दहा हजार लिटर पाणी जायला हवे, आणि त्यातील सगळी सिलिका तेथेच राहायला हवी. दहा हजार लिटर म्हणजे आपल्या दुष्काळी गावात उन्हाळ्यात येतो तो एक टँकर. एका दगडामागे एक टँकर पाणी, आणि तेही केसाएवढ्या फटींतून थेंबाथेंबाने! या अडचणीमुळेच काही अभ्यासक म्हणतात की सिलिका इतक्या पातळ द्रावणातून नव्हे, तर दाट जेलीसारख्या रूपात पोकळीत आली असावी. जर्मन रसायनतज्ज्ञ राफाएल लीसेगांग यांनी जेलमध्ये क्षारांची वलये आपोआप उमटतात हे प्रयोगाने दाखवले होते आणि १९१५ मध्ये त्यांनी अकीकाच्या पट्ट्यांचा उलगडाही त्याच मार्गाने मांडला. तो वाद अजून मिटलेला नाही. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे आहे.

अकीकात पट्टे दोन तऱ्हांचे असतात. पहिल्या तऱ्हेचे पट्टे पोकळीच्या भिंतीला बिलगून, तिची प्रत्येक वळकटी पाळत आत आत जातात, एखाद्या किल्ल्याच्या दुहेरी-तिहेरी तटासारखे. युरोपीय अभ्यासकांनीही त्यांना तटबंदीचेच नाव दिले आहे. हे पट्टे सर्व बाजूंनी सारखेच असल्यामुळे त्यांना वर-खाली कळत नाही. दुसऱ्या तऱ्हेचे पट्टे सपाट असतात. पोकळीच्या तळाशी, हंड्यात गाळ बसावा तसे, एकावर एक सरळ थर बसलेले दिसतात. उरुग्वेच्या दगडांत हे विशेष आढळतात, म्हणून त्यांना उरुग्वे-पट्टे म्हणतात. सिलिकेचे सूक्ष्म कण गुरुत्वाकर्षणाने खाली बसले, म्हणून हे थर सपाट झाले. ज्या दिवशी ते बसले, त्या दिवशी ते पूर्णपणे आडवे होते. गवंडी भिंतीवर पाणसळ लावतो, तशी पृथ्वीने या दगडात स्वतःची पाणसळ लावून ठेवली आहे, आणि त्यातले पाणी कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड होऊन थांबले आहे.

आता मला पैठणला जायचे आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या वर्णनात म्हटले आहे की, पैठण हे भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेथून ऑनिक्सचा दगड फार मोठ्या प्रमाणात, रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदरात येतो. तेर, म्हणजे त्या ग्रंथातले तगर, तेथून कापड येई. त्या काळी जगाला पैठण माहीत होते ते या दगडामुळे. आज पैठणी हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे फक्त रेशीम आणि जरीचा पदर येतो. त्या वस्त्राविषयी मला आदर आहे, पण पैठणच्या दगडाची आठवण पैठणकरांनाही राहू नये, याचे मला वाईट वाटते.

त्याच तालुक्यात, काही वर्षांपूर्वी, माझ्या मामेभावाच्या शेतात विहिरीचे काम चालू होते. माती संपली, मुरूम संपला, आणि चाळीस फुटांच्या आसपास मांजऱ्या लागला. खोदकामाच्या मुकादमांना सगळे अण्णा म्हणत. मांजऱ्या लागला म्हणजे पाण्याची आशा धरावी, असे ते म्हणाले आणि त्याच दमात, “दादा, तुमचा गारेचा गोळा आलाय बघा,” म्हणून त्यांनी मला हाक मारली. मी खाली उतरलो. विहिरीच्या भिंतीत नारळाएवढा एक गोळा अर्धा उघडा पडला होता, आणि सुरुंगाने त्याचा कोपरा उडाला होता, त्यातून आतले सपाट पांढरे-करडे थर स्पष्ट दिसत होते. अण्णांच्या हातात पहार होती. मी त्यांना थांबवले, वरून तेलरंगाचा डबा मागवला, ओळंबा सोडला आणि गोळ्यावर आकाशाकडे तोंड केलेला एक बाण आणि उत्तर दिशेचा एक ठिपका काढला. रंग वाळेपर्यंत सहा माणसे काम सोडून बसली होती. अण्णांनी विचारले, “दगडाला गंध कशापायी लावता?” मी त्यांना पाणसळीची गोष्ट सांगितली. ती ऐकून या माणसाने, ज्याला कोणत्याही विद्यापीठाने कधी आत घेतले नव्हते, एका वाक्यात सारे सांगितले : “म्हणजे दगड त्याची पातळी सांगणार, अन् बाण आपली.”

तो गोळा मी कापून घेण्यासाठी एका संस्थेच्या कार्यशाळेत दिला आणि करवत बाणाच्या रेषेतून उभी चालवावी, असे सांगितले. दोन महिन्यांनी गोळा परत आला. तो आडवा कापला होता, थरांना जवळजवळ समांतर, म्हणजे ज्या दिशेने कापल्यावर थर दिसतच नाहीत अशा दिशेने. बाहेरची साल घासून आरशासारखी चकचकीत केली होती, आणि बाण नाहीसा झाला होता. सोबत सुंदर अक्षरातली चिठ्ठी होती : ‘अकीक, महाराष्ट्र’. ज्यांनी हे काम केले त्यांनी मन लावून केले होते, आणि म्हणूनच मला अधिक दुःख झाले. दगडात जुनी पातळी अजूनही होती. तिची तुलना ज्याच्याशी करायची ती आजची पातळी मात्र पुसली गेली. दोन्हींमधील कोन हीच मला हवी असलेली माहिती होती. पैठणकडे लाव्हाचे थर जवळजवळ सपाट आहेत, त्यामुळे तेथे हा कोन शून्याच्या आसपास निघायला हवा होता, आणि मला तो पुढच्या कामासाठी आधाराचे माप म्हणून हवा होता. तो गोळा माझ्या टेबलावर आहे. त्याचा पुरावा म्हणून काहीही उपयोग नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटे उरली आहेत, तेव्हा पनवेलचा मुद्दा थोडक्यात मांडतो.

पैठणजवळ जे थर सपाट आहेत, ते कोकणात पनवेलच्या पट्ट्यात, किनाऱ्याला समांतर अशा एका लांब वळणात पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने झुकलेले आहेत. भारताचा पश्चिम किनारा फाटत असताना हे वाकणे घडले, असे मानले जाते. लाव्हाचे वय आपण मोजू शकतो, पण वाकण्याच्या वेळेचा मागोवा घेणे अवघड आहे. येथे अकीक कामी येतो. झुकलेल्या थरातील अकीकाचे सपाट पट्टे लाव्हाच्या थराइतकेच झुकलेले असतील, तर तो अकीक वाकण्याच्या आधीचा. पट्टे आजही आडवे असतील, तर तो वाकण्याच्या नंतरचा. आणि एकाच पोकळीत खालचे पट्टे अधिक तिरपे व वरचे कमी तिरपे असतील, तर डोंगर वाकत असतानाच सिलिका बसत होती. म्हणजे मुठीएवढ्या दगडात डोंगराच्या हालचालीचा क्रम वाचता येईल.

यासाठी तीन गोष्टी पाळाव्या लागतील. पहिली, दगड खडकात मूळ जागी घट्ट बसलेला हवा. ओढ्यात किंवा डोंगरपायथ्याशी सापडलेला सुटा दगड चालणार नाही. गुजरातमधील रतनपूरच्या खाणींतला प्रसिद्ध अकीकही यासाठी चालत नाही, कारण तो मूळ लाव्हातून सुटून, नद्यांनी वाहून नेऊन, गोट्यांच्या थरात पुन्हा पुरला गेलेला आहे. त्याचा बाण निसर्गानेच पुसला. दुसरी, एका दगडावर विसंबू नये. एका खाणीतून पंधरा-वीस तरी दगड मोजावेत, कारण खडकाचा एखादा तुकडा स्थानिक कारणानेही सरकलेला असू शकतो. तिसरी, लाव्हाच्या थराचा स्वतःचा उतारही त्याच जागी मोजावा. भ्रमणध्वनीतील कोनमापकाने ते काम प्राथमिक पातळीवर होते.

रस्त्यांच्या आणि बोगद्यांच्या कामासाठी त्या पट्ट्यात आज डोंगर कापले जात आहेत, आणि असे ताजे उघडे पडलेले खडक फार दिवस उघडे राहत नाहीत. त्यांच्यावर जाळी बसते किंवा सिमेंटचा लेप चढतो, आणि फोडलेली खडी क्रशरकडे जाते. तेव्हा आपल्यापैकी जे बांधकामावर आहेत, ज्यांचे नातेवाईक खाणीत आहेत, जे विद्यार्थ्यांना सहलीला नेतात, त्यांनी खिशात तेलरंगाची कांडी आणि एक ओळंबा ठेवावा. दगड काढण्यापूर्वी बाण काढावा, जागेवरच त्याचे छायाचित्र घ्यावे आणि गावाचे नाव, फुटांतली खोली व तारीख कागदावर लिहून तो कागद दगडासोबत बांधावा. दगड कापायला देताना करवतीची दिशा लेखी द्यावी. मी ती तोंडी दिली होती.

दाराजवळच्या टेबलावर सहा अकीक ठेवले आहेत. त्या प्रत्येकावर बाण आहे. ते हातात घेऊन जरूर पाहा, फक्त परत ठेवताना बाण वरच्या बाजूला येईल असे ठेवा.