धुराड्याची जागा आणि भरल्या बोटीची पाणरेषा

सभासदहो, इंजिनाचा धूर दुसरीकडून नेऊन डेकखालची जागा कशी मोकळी करावी, हा आजचा विषय आहे. परंतु धुराच्या नळाला हात लावण्याआधी पाणरेषा, म्हणजे बोटीच्या अंगावर पाणी जिथवर चढते ती रेषा, कोणती धरावी, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. त्यासाठी माझ्याच बोटीची हकीकत जरा विस्ताराने सांगतो.

आपल्याकडच्या अनेक लाकडी ट्रॉलरांप्रमाणे आमच्या बोटीतही धुराचा नळ इंजिनावरून सरळ उभा चढून केबिनमागे बाहेर पडत असे. पूर्ण भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाचा धूर 400 ते 500 अंश सेल्सिअस तापलेला असू शकतो. त्यामुळे चार इंची नळाभोवती उष्णतारोधक दोरी, तिच्यावर पत्रा आणि लाकूड पेटू नये म्हणून सभोवार मोकळी हवा, असे करता करता दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि सहा फूट उंच खांब उभा राहिला होता. साडेतेरा घनफूट, म्हणजे सुमारे 380 लिटर जागा त्याने अडवली होती. शिवाय तो बर्फाच्या खणाला लागून होता. त्या बाजूचा बर्फ तिसऱ्या दिवशी फळीपासून सुटे आणि तिथली मऊ पडलेली मासळी तांडेल लिलावाआधी वेगळी काढी.

एका वर्षी 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात आम्ही हा धूर ओला करून मागे काढला. इंजिन थंड करून निघालेले समुद्राचे पाणी धुरातच सोडले की तापमान 60 अंशांच्या आसपास उतरते, वायूचे आकारमान जवळजवळ निम्मे होते आणि लोखंडी नळाऐवजी रबरी होज कडेकडेने पिछाडीपर्यंत नेता येतो. कारागिराचा हात सफाईदार होता. मात्र पाणी जिथे धुरात मिसळते त्या कोपराची, म्हणजे नळाच्या वाकड्या तुकड्याची, उंची त्याने धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या बोटीवरून मोजली, आणि ही बोट भरल्यावर किती बसते हे एकदाही विचारले नाही. डिझेल, पिण्याचे पाणी आणि बर्फ चढल्यावर पिछाडी वीतभर खाली गेली व कोपर पाण्याच्या पातळीला आला. पहिल्याच फेरीत रात्री नांगर टाकून इंजिन बंद केले, आणि पहाटे ते फिरेना. इंजेक्टर काढून हाताने फिरवले तेव्हा भोकांतून खारे पाणी उसळले. बंद इंजिनाच्या पंपातून झिरपणारे पाणी सायफनने रात्रभर आत उतरत राहिले होते. ऐन हंगामाचे तीन आठवडे बोट धक्क्यावर पडून राहिली, आणि त्याचे दुःख मला आजही आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ जोडणी आता भरभर सांगतो. बोट पूर्ण भरून पाणरेषेची खूण आधी आतल्या बाजूला रंगवून घ्या. धुरात पाणी सोडण्याची जागा त्या खुणेपेक्षा किमान 15 सेंटिमीटर वर हवी. तेवढी उंची मिळत नसेल, तर पाण्याच्या नळीला खुणेच्या बरेच वर चढणारा, हवेचा व्हॉल्व्ह असलेला वळसा द्यावाच लागतो. कोपराखालचा वॉटरलॉक, म्हणजे पाणी इंजिनाकडे परत जाऊ न देता साठवणारा डबा, एवढा मोठा घ्या की इंजिन थांबल्यावर वर चढणाऱ्या होजमधले सगळे पाणी त्यात मावून वर जागा उरेल. पिछाडीशी होज उंच चढवून मग बाहेर उतरवा, म्हणजे मागून येणारी लाट आत शिरणार नाही. वळणे वाढली की धुराला उलटा दाब बसतो. तो पूर्ण वेगावर मोजून इंजिन बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत आहे ना, हे पाहा. प्रत्येक जोडाला दोन क्लिपा लावा, कारण तिथून गळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि खलाशी खालीच झोपतात. मीठ आणि धुरातले गंधक कोपर आतून खातात, म्हणून दर बंदीत तो उघडून बघा.

इंजिन लागत नसेल आणि स्टार्टर पुन्हा पुन्हा मारावा लागत असेल, तर समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह आधी बंद करा, नाहीतर डबा भरून पाणी सिलिंडरकडे चढते. आणि इंजिन लागताच तो लगेच उघडा. आमच्या बोटीत हल्ली व्हॉल्व्ह बंद असेल तेव्हा इंजिनाची किल्ली त्याच्याच दांड्याला टांगलेली असते.