शहर नव्हे, शाळा मागितली

मंडळी, नमस्कार. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागून बटाटेवड्यांचा वास येतोय, म्हणून थेट इ.स. 70 मध्ये जाऊ.

त्या वर्षी रोमन सेनापती टायटसच्या फौजेने जेरुसलेमचं ज्यूंचं मंदिर जाळलं. त्यांच्या धर्मातले बळी, पुरोहित, यात्रा, सगळं त्या एका जागेला बांधलेलं. वर, ज्यू मंदिरासाठी जो अर्धा शेकेल (चांदीचं नाणं) देत, तो रोमने ज्युपिटरच्या देवळासाठी कर म्हणून वसूल करायला सुरुवात केली.

तालमूदात, म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, एक गोष्ट आहे. रोमनांनी जेरुसलेमला घातलेल्या वेढ्यातून योहानान बेन झक्काई हे रब्बी, म्हणजे धर्मपंडित, शवपेटीत पडून निघाले. पेटी शिष्यांच्या खांद्यावर. टायटसचे वडील, पुढे सम्राट झालेले व्हेस्पासियन, यांच्यासमोर त्यांनी मागितलं काय? याव्ने गाव, तिथले पंडित आणि उपासाने खंगलेल्या रब्बी सादोकसाठी वैद्य. जेरुसलेम मागितलंच नाही, म्हणून पुढच्या पिढ्यांनी नावंही ठेवली. गोष्टीत दंतकथेचा भाग असेल, पण मला तो वैद्य फार आवडतो.

याव्नेतलं काम मात्र अगदी बारीकसारीक. नववर्ष शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, आलं तर मेंढ्याचं शिंग मंदिरातच फुंकायचं, असा नियम होता. आता मंदिरच नाही! योहानान म्हणाले, न्यायसभा बसते तिथे फुंका. सुक्कोथ या मांडवांच्या सणात खजुराची झावळी मंदिरात 7 दिवस हाती धरत, बाहेर एकच दिवस. ती आता सगळीकडे 7 दिवस, मंदिराची आठवण म्हणून.

132 ते 135 च्या बार कोखबाने रोमविरुद्ध केलेल्या बंडानंतर तर ज्यूंना जेरुसलेममध्ये पाऊल ठेवायचीही बंदी आली. रब्बीपदाची दीक्षा देणाऱ्याला मृत्युदंड, आणि जिथे दीक्षा दिली ते गावही उद्ध्वस्त. तालमूद सांगतो, म्हाताऱ्या रब्बी यहूदा बेन बावाने शिष्यांना उशा आणि शफाराम या गावांच्या मधोमध नेऊन दीक्षा दिली. शिपाई दिसताच शिष्यांना म्हणाला, पळा. स्वतः थांबला आणि मारला गेला.

त्या शिष्यांची परंपरा पुढे साधारण 200 साली उत्तरेकडच्या गालिल प्रांतात रब्बी यहूदा हानासीने संकलित केलेल्या मिश्ना या नियमसंहितेपर्यंत पोचली. तिच्या 6 भागांपैकी एक अख्खा भाग मंदिर आणि बळींच्या विधींवर आहे. मंदिर जळून तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती.

आता आपल्याकडे. अलिबागजवळच्या नवगावाशी ज्यांची मूळकथा जोडलेली आहे, ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, कोकणात कधी उतरले यावर वाद आहे. तालमूद त्यांच्यापर्यंत कित्येक शतकं पोचला नव्हता. तरी शेमा ही ज्यूंची मुख्य प्रार्थना तोंडपाठ होती आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद. गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे.