उन्हाळी सुट्टीतला चिखलराडा

(दृश्य: मंगळवार पेठेतलं जुनं अंगण, सकाळची वेळ. शहाबादी फरशी, एका कडेला दोन बादल्या.)

एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात दुपारचा पारा ३६-३७ अंशांवर असतो, एखाद्या दिवशी ३९लाही टेकतो. शाळा-बालवाडी बंद, दोन ते सहा वर्षांची पोरं घरात आणि हातात मोबाईल. त्यांना अंगणात काढायचं तर माती, खळ, हळद, बर्फ आणि थोडं पाणी एवढं पुरतं. राडा होणार, तो होऊ द्यायचा. फक्त कुठलं काम कुठल्या वेळी आणि कुठल्या सावलीत, हे आधी ठरवायचं. कारण माती तडकते ती उन्हाने, खळ आंबते ती उन्हाने आणि पोर सुस्तावतं तेही उन्हानेच.

सकाळी साडेसात ते साडेनऊ ही सगळ्यात चांगली वेळ. तेव्हा सूर्य पूर्वेला, म्हणजे सावली घराच्या पश्चिमेला पडते. संध्याकाळी साडेपाचनंतर उलट, पूर्वेकडची बाजू घ्या. दुपारी भिंतीच्या सावलीवर विसंबू नका. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच राहते, भिंतीची काय पडणार? त्या वेळी झाडच लागतं, आंब्याचं किंवा चिंचेचं, दाट पानांचं. आणि झाड नसेल तर दुपारचा बेत रद्द.

(दृश्य: उलटा तळहात फरशीवर टेकलेला.)

खेळ मांडण्याआधी हाताची मागची बाजू फरशीवर सात सेकंद टेकवून बघा. नाही टेकवत? मग पोरांच्या उघड्या पायांनाही ती नको. राजारामपुरीतल्या इमारतींच्या गच्चीवर ही पारख संध्याकाळीही करावी, कारण दिवसभर तापलेली गच्ची ऊन गेल्यावरही तास-दोन तास गरम राहते. बादलीभर पाणी मारून वर भिजवलेलं गोणपाट अंथरलं की बसण्यापुरती जागा होते.

आता माती. या बाबतीत कोल्हापूर जिल्हा श्रीमंत आहे. पश्चिमेला शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडकडे जांभ्या दगडाची तांबडी माती. पूर्वेला शिरोळ, हातकणंगल्याकडे काळी. शाडू इथली नव्हे, ती गुजरातेतून येते. पण गणपतीच्या मूर्तींसाठी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात, गंगावेशीत ती असतेच आणि किलो-दोन किलो सुटी मागितली तर मिळते. म्हणजे तांबडा, काळा आणि करडा असे तीन रंग दुकानात न जाता हाताशी.

तिन्ही मातींचे स्वभाव वेगळे. तांबडी रंगाला उत्तम, पण तिच्यातलं लोह कापडात बसतं आणि डाग सहज निघत नाही. काळी ओली असताना लोण्यासारखी लागते आणि वाळली की जोरात आकसते, म्हणून तिचं बाहुलं दुसऱ्या दिवशी तुकड्यांत मिळतं. काळी रंगापुरती ठेवा. आकार करायला शाडूच. तालमीतली तांबडी माती मात्र मागायला जाऊ नका. ती मऊ असते हे खरं, पण तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेलं असतं. तेलामुळे ती कागद धरत नाही. शिवाय वस्ताद देणारही नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

माती कुंडीतली, शेतातली घ्या. रस्त्याकडेची नको, कुत्री-मांजरं बसतात तिथली तर नकोच. दोन दिवस कडक उन्हात पसरून वाळवा. काचा, काटे, खडे हाताने वेचा. पुढे बरेच जण पिठाच्या चाळणीने चाळून थांबतात, त्याने बारीक वाळू राहतेच. त्यापेक्षा ती बादलीत भिजवा, काठीने ढवळा, साधारण एक मिनिट थांबा. वाळू खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाकलं की तळाशी साईसारखा गाळ उरतो. तोच रंग.

(दृश्य: बोटांच्या चिमटीत गाळ. अंगठा फिरतो, कण लागत नाही.)

नुसता गाळ कागदावर लावला तर वाळल्यावर त्याची पूड होऊन झडते. त्याला खळ हवी. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा. दीड वाटी पाणी उकळा, आच मंद करा, कालवलेलं त्यात ओतत सतत ढवळा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की लगेच उतरवा. कॉर्नफ्लोअर थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गोळे होतात आणि ते नंतर कितीही घोटले तरी मोडत नाहीत. थंड झाल्यावर खळ घट्ट होते, तेव्हा चमचा-चमचा पाणी घालून दह्याइतकी सैल करा. एक वाटी गाळाला दोन मोठे चमचे खळ. हीच खळ खाण्याचा रंग घालून बोटांनी रंगवायलाही चालते. काही जण टिकावी म्हणून मीठ घालतात. ते टाळा, नखांजवळच्या ओरखड्यांवर झोंबतं. या हवेत खळ बाहेर एका दिवसात आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. वास आला की फेकून द्या.

रंग बाहेरून आणायचा तर किराणा दुकानातला खाण्याचाच आणा, पाकिटावरचा एफएसएसएआयचा परवाना क्रमांक बघून. कोल्हापुरात खरा रंग खेळतात तो रंगपंचमीला, त्यामुळे घरोघरी माळ्यावर उरलेल्या पुड्या असतात. त्या तिथेच राहू द्यात. आत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं, आणि कोरडी पूड नाकातोंडात जाते.

(दृश्य: दोरीवर वाळत घातल्यासारखी जुनी पांढरी चादर. समोर फवाऱ्याच्या तीन बाटल्या.)

सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो तो या चादरीपुढे. पहिल्या बाटलीत हळदीचं पाणी: दोन वाट्यांना एक चमचा, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलेलं. गाळलं नाही तर हळदीचा कण फवाऱ्याच्या तोंडात अडकतो आणि पाचव्या मिनिटाला बाटली बंद. दुसरीत खाण्याचा सोडा, वाटीभर पाण्यात दोन चमचे. तिसरीत चिंचेचा कोळ, पातळ आणि गाळलेला. पिवळ्या चादरीवर सोडा पडला की डाग तांबूस होत जातो. त्यावर चिंच मारली की पुन्हा पिवळा. चार वर्षांच्या पोराला आम्ल-अल्क सांगायची गरज नाही, ते आपणच तिन्ही बाटल्या आलटून पालटून मारतं. चुन्याने रंग आणखी गडद येतो, पण चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. त्याला या अंगणात जागा नाही. लिंबूही नको. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात, काळे डाग महिनाभर राहतात. उन्हातल्या खेळात चिंच बरी.

फवारा चेहऱ्यावर मारायचा नाही, हा नियम खेळ सुरू व्हायच्या आधी सांगा. मोडला की बाटली पाच मिनिटं बाजूला. ओरडायची गरज पडत नाही.

बर्फाचे रंग करायला सोपे, पण त्यात दोन गोष्टी चुकतात. स्टीलच्या वाटीत पाणी आणि पाव चमचा पातळ खाण्याचा रंग, वर फॉइल ताणून मधोमध छेद द्यायचा आणि त्यातून आइस्क्रीमची काडी उभी करायची. फॉइल नसेल तर काडी आडवी होते आणि तशीच गोठते. तीन वर्षांखालच्या मुलांसमोर फ्रीजच्या ट्रेमधले छोटे खडे ठेवू नका, घशात अडकू शकतात. वाटीएवढाच गोळा हवा. दुसरी चूक घाईची. पाणी कडेकडून गोठत येतं आणि रंग आत ढकलत जातं, त्यामुळे गोळ्याचा गाभा गडद आणि बाहेरचा थर जवळजवळ पांढरा असतो. म्हणून सुरुवातीला कागदावर काही उमटत नाही, आणि मोठी माणसं आणखी रंग ओततात. थांबा. बाहेर काढून पाच मिनिटं ठेवा, तोवर वरचा थर सुटतो आणि थेट फ्रीझरमधला बर्फ बोटांना चिकटतो तेही टळतं. कागद म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्याची आतली, न छापलेली बाजू घ्या. कॅलेंडरची पाठ गुळगुळीत असते, तिच्यावरून रंग घरंगळून जातो.

शाडूचे गोळे मात्र दुपारच्या उन्हापासून लपवावे लागतात. वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओलाच असतो, आणि मधे भेग पडते. कुंभार मूर्ती सावलीत वाळवतात ती याच कारणासाठी. मुलांनी केलेला बैल, कासव, लाडू, जे काय असेल ते, बोटापेक्षा जाड नसावं. पहिली रात्र ओलसर फडक्याखाली, मग दोन-तीन दिवस घरात सावलीला. मातीत चिमूटभर कापूस पिंजून मळला तर शेपट्या-कान तुटायचं प्रमाण बरंच कमी होतं.

आणि काहीच तयारी नसेल त्या दिवशी? तांब्याभर पाणी, भिंत रंगवायचा जुना ब्रश आणि फरशी. काढलेली रेघ टोकाला पोचेपर्यंत सुरुवातीची वाळायला लागते. तीन वर्षांचं पोर यात अर्धा तास रमतं. या वयात चित्र व्हावं लागत नाही. शेजारी बसून "हे काय काढलंस?" विचारणारी मोठी माणसं या खेळाची गंमत घालवतात, हे स्पष्टच सांगायला हवं.

(दृश्य: कोपरापर्यंत चिखल माखलेला हात. चिखल वाळून पांढुरका झालाय. पोर मनगट वाकवतं, पापुद्रा तडकतो, पुन्हा वाकवतं.)

दर वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. पातळ ताक किंवा पन्हं असेल तर उत्तम. अंगात जुने, सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्यावर टोपी. पोर उगाच किरकिर करायला लागलं, चेहरा लालबुंद झाला, नाहीतर एकदम गप्प बसलं, तर तिथेच खेळ बंद करून आत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा, घोट-घोट पाणी द्या. उलटी झाली, अंग तापलं किंवा हाकेला नीट ओ देत नसेल, तर डॉक्टरकडे जायला वेळ लावू नका. बादलीचंही भान ठेवा. वाकलेलं लहान मूल वीतभर पाण्यातही डोक्यावर पडू शकतं. बादली पाव भरलेली, हाताच्या अंतरावर, आणि काम झालं की उपडी.

मे महिन्यात दुपारनंतर ढग जमून वळीव येतो. गारा वेचायला पोरं धावतात, पण पहिला गडगडाट ऐकला की सगळ्यांनी घरात. झाडाखाली तर अजिबात थांबायचं नाही.

धुण्याचा क्रम असा. हात आधी मातीच्या बादलीत, मग स्वच्छ पाण्याच्या. चिखलाचं पाणी मोरीत ओतलं तर गाळ पाइपात बसतो आणि नळकाम करणाऱ्याला बोलवावं लागतं. ते नारळाच्या आळ्यात जाऊ दे. सोड्याचं पाणी झाडांना नको, ते मोरीत चालेल. तांबड्या मातीचे कपडे आधी वाळवून झटका, मगच भिजवा. हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो, त्याला घाबरू नका. साबण निघून गेला की पुन्हा पिवळा होतो. मग तो कपडा ओला असतानाच उन्हात टाका. दोन-तीन उन्हं लागली की हळद उडते. उरलेला गाळ झाकणाच्या डब्यात, वर बोटभर पाणी ठेवून. आठवडाभर चालतो, मात्र खळ मिसळलेला असेल तर त्याच दिवशी संपवा.