तपासणी चेहऱ्यावरून नव्हे, नियमाने व्हावी

(मंडळाच्या लंडन येथील मेळाव्यात नांदेडच्या एका ज्येष्ठ वकिलांनी केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि बंधुभगिनींनो,

आपण ज्या भुयारी रेल्वेने रोज कामावर जाता, त्या रेल्वेत ७ जुलै २००५ रोजी तीन आणि एका बसमध्ये चौथा स्फोट होऊन ५२ निरपराध माणसे मारली गेली. पुढच्याच वर्षी, ११ जुलै रोजी, मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १८९ जणांचा बळी गेला. एवढे पाहिल्यानंतर स्थानकावरच्या शिपायाने पिशवी उघडायला सांगितली तर त्यात मला अपमान वाटत नाही. मात्र लाखोंच्या गर्दीत प्रत्येकाची झडती घेणे अशक्य असल्यामुळे काही जणांनाच थांबवावे लागते. ते कोणाला, आणि हे कशावरून ठरवायचे, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

मराठवाड्याच्या माणसाला हा प्रश्न परका नाही. निजामाच्या राजवटीत ‘गश्ती निशान ५३’ या हुकमामुळे सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे, आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्ये तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली. कारण नेहमी शांतता आणि सुव्यवस्थेचेच दिले जाई. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमच्या आधीच्या पिढ्यांनी अधिकाऱ्याच्या मर्जीवरचे जगणे अनुभवले, म्हणून मर्जी आणि नियम यांतला फरक आम्हाला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

याच शहरात, स्फोटांनंतर पंधराच दिवसांनी, जीन चार्ल्स डी मेनेझिस हा ब्राझीलचा तरुण इलेक्ट्रिशियन स्टॉकवेल स्थानकावर गाडीत बसलेला असताना पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. त्याच्या इमारतीशी एका संशयिताचा पत्ता जोडलेला होता, त्यामुळे पोलिसांनी त्यालाच तो संशयित समजले. पुढे २००७ मध्ये पोलीस दलाला सार्वजनिक सुरक्षेतील कसुरीबद्दल दोषी ठरवण्यात आले, पण एकाही अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला चालला नाही. संशयाचे कोणतेही कारण नसताना रस्त्यावर कोणालाही थांबवण्याचा २००० च्या दहशतवादविरोधी कायद्यातील अधिकारही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग ठरवला, कारण त्याच्या मनमानी वापराला पुरेसा आळा नव्हता.

याउलट न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील पिशव्यांची तपासणी तिथल्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये वैध ठरवली. त्या तपासणीत दर पाचवा किंवा दहावा अशा ठरलेल्या क्रमाने प्रवासी निवडला जाई, स्फोटक मावेल एवढीच पिशवी पाहिली जाई, आणि ज्याला तपासणी नको असेल त्याला स्थानकाबाहेर निघून जाण्याची मुभा होती. शिपायाच्या हाती निवड न ठेवणारा हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या नांदेडला सचखंड एक्सप्रेसने अमृतसरहून भाविक उतरतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांजवळ कृपाण असते. ते बाळगणे हा शीख धर्माचरणाचा भाग आहे, असे आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच नमूद आहे. इथल्या १९८८ च्या कायद्यातही धार्मिक कारणासाठी पाते बाळगणाऱ्याला बचावाची तरतूद आहे. सुरक्षेच्या नियमात श्रद्धेला जागा करून देता येते, ती आधी लिहून ठेवावी लागते.

आता मुंबईच्या खटल्याकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त अस्वस्थ त्याने केले आहे. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी, सरकार पक्ष आरोप सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला असे सांगून, त्या सर्वांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक तोवर कैदेतच मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास मनाई केली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. आरोपीचे हक्क जपले की मृतांवर अन्याय होतो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. परंतु जबाब आणि ओळख परेड कायद्याच्या कसोटीला उतरत नाहीत, तेव्हा स्फोटात घरचे माणूस गमावलेल्यांना एकोणीस वर्षांनीही बॉम्ब कोणी ठेवले याचे टिकणारे उत्तर मिळत नाही. तपासातली शिस्त त्यांच्यासाठीही तितकीच आवश्यक आहे.

आता स्थानकांवर चेहरा ओळखणारे कॅमेरे येत आहेत, आणि आपल्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आहे. इथे कॅमेऱ्याजवळ तो कोणाचा आहे हे सांगणारी पाटी असते, आणि स्वतःचे चित्रण मागण्याचा हक्क कायद्याने मिळतो. तो हक्क आपल्यापैकी कोणी वापरला असेल, तर अर्ज कसा केला, उत्तर किती दिवसांत आले आणि काय नाकारले गेले, हे मला आज कार्यक्रमानंतर जरूर सांगावे. नांदेडच्या स्थानकासाठी अशाच पाटीची आणि अशाच हक्काची मागणी आम्ही लेखी करणार आहोत, आणि त्या अर्जाला आपल्या अनुभवाची जोड हवी आहे.