कंट्रोलवरच्या दोन नोंदी

श्रोतेहो, नमस्कार.

माझं लहानपण ठाण्यात गेलं, उथळसरला. महिना उजाडला की आई पिशव्या हातात द्यायची आणि म्हणायची, "गर्दी व्हायच्या आत कंट्रोलवर जाऊन ये." कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनं धान्याच्या भावावर आणि वाटपावर नियंत्रण आणलं. मुंबईत 1943 साली रेशनिंग सुरू झालं, आणि इंग्रजीतलं एक क्रियापद आपल्याकडे येऊन चक्क दुकान झालं! तांदूळ कंट्रोलचे, साखर कंट्रोलची.

या शब्दाचं मूळ पुढे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते आमचं रेशनकार्ड.

मध्ययुगीन लॅटिनमध्ये शब्द होता 'कॉन्ट्रारोटुलस'. 'कॉन्ट्रा' म्हणजे समोरचा, उलट बाजूचा. 'रोटुलस' म्हणजे गुंडाळी. त्या काळी युरोपात जमाखर्च चामड्याच्या लांब पट्ट्यांवर लिहून गुंडाळून ठेवत. एकानं हिशेबाची गुंडाळी लिहायची, दुसऱ्यानं त्याच व्यवहारांची आपली वेगळी गुंडाळी ठेवायची, आणि मग दोन्ही शेजारी उलगडून ताळा पाहायचा. ही दुसरी गुंडाळी म्हणजे कॉन्ट्रारोटुलस. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा 'कंट्रोल' करणं म्हणजे हिशेब पडताळणं. ज्याच्या हाती पडताळा, त्याचा शब्द चालायचा. हुकमतीचा अर्थ आला तो असा, मागाहून. (नाटकातला 'रोल'ही याच घराण्यातला. नटाचं काम गुंडाळीवरच लिहून देत.)

आपण कंट्रोलला 'नियंत्रण' म्हणतो. त्यात 'यम्' धातू आहे, आवरून धरणं. संयम, नियम, यंत्र हे सगळे त्याचेच. शब्द सुरेख आहे, पण तो हात धरतो, हिशेब तपासत नाही. मूळ अर्थाला आपला 'पडताळा' जास्त जवळचा, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या देशातल्या एका मोठ्या पदात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. संविधानाच्या कलम 148 नुसार नेमले जाणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक सरकारी खर्चाचे हिशेब तपासतात. इंग्रजीत त्या पदाचं स्पेलिंग 'कॉम्प्ट्रोलर' असं आहे. फ्रेंचमध्ये हिशेबाला जो शब्द आहे, त्याच्याशी कुणीतरी नातं जोडलं आणि एक 'पी' आत शिरला. जुना उच्चार मात्र 'कंट्रोलर'च.

आता त्या रेशनकार्डाकडे येते. दुकानदार धान्य दिलं की आपल्या वहीत लिहायचा आणि आमच्या कार्डावरही. एकदा त्यानं सांगितलं, "तुमची साखर गेली या महिन्यात." मी रिकाम्या पिशवीनं घरी आले. आई पदर खोचून निघाली, मी मागोमाग. तिनं फळीवर कार्ड उघडून ठेवलं. त्या महिन्याच्या रकान्यात साखरेपुढे काहीच नव्हतं. "आता तुमची वही काढा," ती म्हणाली. वहीत आमच्या नंबरापुढे साखर लिहिलेली होती. दोन्ही पानं शेजारी ठेवून आई बोट टेकवून उभी राहिली. रांगेतली माणसंही वाकून बघू लागली. दुकानदारानं वहीतली नोंद खोडली आणि तराजूत साखर टाकली.

लॅटिन तिला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर तिनं ते कार्ड फडक्यात गुंडाळून पुन्हा तांदळाच्या डब्यात ठेवलं.