रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

स्कॅन होऊन गेलेला असतो आणि रिपोर्ट हातात यायला अजून तीन-चार दिवस असतात. कर्करोगातून गेलेल्या माणसांना विचारा. हे दिवस ऑपरेशनपेक्षाही जड गेले, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. माणूस घरात बसलेला असतो, मन मात्र पुढच्या केमोत, नाहीतर त्याच्याही पुढे, मुलांचं कसं होईल इथवर जाऊन पोचलेलं असतं. माइंडफुलनेस, म्हणजे सजगता, हा माझा आजचा विषय आहे, तो या दिवसांसाठी.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण त्यापायी रुग्णांना फार सोसावं लागतं. सजगता म्हणजे सकारात्मक विचार नव्हे. ‘पॉझिटिव्ह राहा, टेन्शन घेऊ नका’ असं भेटायला येणारा जो तो सांगून जातो. चांगल्या मनानंच सांगतो. पण ऐकणारीला वाटतं, मी घाबरले म्हणजे माझंच चुकलं. आजार आहेच, वर त्याचा दोषही तिच्याच माथी. सजगता म्हणते, भीती वाटते ना, मग वाटू दे. ती छातीत दाटते की पोटात गोळा आणते, तेवढं बघ. तिला हाकलू नकोस, आणि तिच्यामागं फरफटत जाऊही नकोस. ‘आता काही खरं नाही’ हा मनात आलेला एक विचार आहे. तो काही रिपोर्ट नव्हे. हे कळतं लवकर, वळायला वेळ लागतो. म्हणून तर सराव.

सजगतेची मुळं बौद्ध परंपरेतली. तिच्यासाठीचा पालीतला शब्द ‘सती’, म्हणजे संस्कृतातली स्मृती. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यावर आधारलेला कार्यक्रम सुरू केला, त्याला आज आठ आठवड्यांचं रूप आहे. पुढे कॅनडात कॅलगरीला लिंडा कार्लसन आणि मायकेल स्पेका यांनी तो कर्करुग्णांसाठी बेतला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ९० रुग्ण होते, आणि सराव करणाऱ्यांच्या मनाची अस्वस्थता स्पष्टपणे उतरली होती. २०२३मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सहभागी होऊन काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांसाठी हा सराव सुचवला आहे, उपचार चालू असताना आणि संपल्यावरही. चिंता आणि नैराश्य, असं म्हटलंय. गाठ विरघळते असं म्हटलेलं नाही. ध्यानासाठी केमो सोडा, असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या.

मूळ कार्यक्रमात घरी रोज ४५ मिनिटांचा सराव धरलेला आहे. केमोच्या आठवड्यात ते कुणाला जमणार? पाच मिनिटं पुरेत. आडवं पडून करा, झोप लागली तर लागू दे. ‘श्वासाकडे लक्ष द्या’ हेही सरसकट सांगू नये. फुप्फुसाच्या आजारात ज्याला दमच लागतो, तो श्वासाकडे बघायला गेला की जास्तच घाबरतो. त्यानं तळपायांकडे लक्ष न्यावं. केमोनं तळपायांना मुंग्या येत असतील, तर खोलीतले आवाज ऐकावेत, पंख्याचा, दाराचा, कुणाच्या बोलण्याचा. स्तन काढल्यानंतर शरीरावरून लक्ष फिरवताना छातीपाशी थांबणं नको वाटत असेल, तर तो भाग खुशाल ओलांडावा. कधी ना कधी तिथं पोचायलाच हवं, अशी सक्ती मी कुणावर करत नाही.

आणि वेदना बघत बसायची नाही. दुखत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, त्यासाठी औषधं आहेत. काही जण सरावाच्या नावाखाली दुखणं अंगावर काढतात, मला त्यांची फार काळजी वाटते. डोळे मिटले की जुनं काही उफाळून येतंय, रात्र रात्र जीव नकोसा होतोय, तेव्हाही सराव थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं.

राहिला रिपोर्ट आणायला जाणारा, नवरा, बहीण, मुलगा, जो कुणी असेल तो. पाकीट घेऊन जिना उतरताना त्याचेही हात कापत असतात, आणि घरी शिरण्याआधी तो चेहरा नीट करतो. पुढच्या वेळी सरावाला याल तेव्हा त्यालाही बरोबर घेऊन या.